बाईची नाडी डाव्या हाताला

आमच्या गटात पाच जण होते आणि पाचांत मिळून एकही डॉक्टर नव्हता. याची आम्हाला लाज नव्हती. उलट आम्ही ते मिरवायचो. डॉक्टर म्हणजे कोण, तर औषध कंपनीचं कॅलेंडर भिंतीला लावणारा, कंपनीच्याच पेनानं चिठ्ठी खरडणारा आणि दुपारी कंपनीचा माणूस बॅग घेऊन आला की बाहेरच्या पेशंटला बाकावर ताटकळत ठेवणारा. असला माणूस आपल्यात नाही म्हणजे आपण स्वच्छ, असा आमचा साधा हिशोब.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. कोल्हापुरात सायकलच्या एका दुकानामागं आमची खोली होती. तिच्यात एक सायक्लोस्टाईलचं मशीन होतं, त्याचा दांडा फिरवून फिरवून माझा खांदा भरून यायचा. आमचे पुढारी आणीबाणीत काही दिवस कळंब्याच्या तुरुंगात राहून आले होते आणि ती त्यांची पदवी होती. कुठलाही वाद आला की ते "मी कळंब्यात असताना" असं सुरू करायचे. मग वाद संपायचा. मी बी.एस्सी. झाले होते. सकाळी घरच्या म्हशींच्या धारा काढायच्या, डेअरीला दूध घालायचं आणि पिशवीत पत्रकांचा गठ्ठा घेऊन मोठ्या दवाखान्याच्या गेटवर उभं राहायचं, हा माझा दिवस. टॉनिकच्या बाटलीत ताकद नसते, विनाकारण इंजेक्शन घेऊ नका, असलं आम्ही छापायचो. ते खोटं नव्हतं. पण प्रत्येक ओळीला दोन-दोन उद्गारचिन्हं असायची आणि ती मी घालायचे.

एका सकाळी एक म्हातारी माझ्यासमोर येऊन थांबली. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी, पिशवीत एक्स-रेचं मोठं पाकीट. पत्रक हातात घेऊन तिनं उलटंसुलटं बघितलं.

"पावणं, ह्यात आमच्या गोळीचं काय लिवलंय का?"

"कुठली गोळी, खाला?" मुसलमान घरातल्या मावशीला आमच्याकडं खाला म्हणतात.

"ही काय." तिनं पदराच्या गाठीतून गोळ्यांची पट्टी काढली. "सुनंला देत्यात. काय म्हून देत्यात ते सांगत न्हाईत. इचारलं तर म्हणत्यात, इचारायचं न्हाई, गिळायचं."

सून तिच्यामागं उभी होती. चोवीस-पंचवीसची असेल, गोरी, ओठ फिक्कट. इचलकरंजीला यंत्रमागाच्या शेडमध्ये नवरा आणि ही घरी कांड्या भरणारी. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. यंत्रावर दिवसाला शेकड्यानं भरायच्या, तुटलेला धागा क्षणात हेरायचा आणि चिमटीत सांधायचा. हात आणि डोळे, एवढ्यावर ते काम चालतं. वर्ष-दीड वर्ष हिला चक्कर यायची, डोकं ठणकायचं, छाती धडधडायची. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी तिला आपल्या संशोधनात घेतलं होतं. हे तिला माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं, की दर सोमवारी यायचं, दंडाला पट्टा गुंडाळून घ्यायचा आणि एका जाड वहीत सिस्टर काहीतरी लिहितात ते बघायचं.

मी पट्टीवरचं नाव वाचलं आणि मला आनंद झाला. हो, आनंदच. बीटा ब्लॉकर. हृदयाची धडधड आवरणारी, रक्तदाब उतरवणारी, आमच्या भागात तेव्हा नवी असलेली गोळी. आमच्या खोलीत रद्दीतून आणलेलं औषधशास्त्राचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात या गोळीबद्दल होतं, की तिनं हात-पाय गार पडू शकतात आणि ज्याच्या हातापायाच्या धमन्या आजारानं अरुंद झाल्यात त्याला ती जपून द्यावी. सुनेच्या कागदावर आजार काय लिहिला होता? धमन्यांची सूज. धमन्यांच्या भिंती आतून सुजतात, जाड होतात, रक्ताची वाट चिंचोळी होते. तरुण बायकांना होणारा आजार. म्हणजे जिला देऊ नये तिलाच दिली! पुस्तकात "जपून" होतं, हे मला दिसलं होतं. पण जपून या शब्दावर पत्रक निघत नाही.

पुढच्या रविवारी मी एस.टी.नं इचलकरंजीला गेले. गल्लीभर मागांचा खडखडाट, बोलायचं तर ओरडून. एका खोलीत संसार, खिडकीजवळ कांड्यांचं यंत्र. खालानं चहा टाकला.

"हात गार पडतात का गं?" मी सुनेला विचारलं.

"ह्यो पडतोय." तिनं डावा पुढं केला. "केस विंचरताना तर मेल्यागत हुतोय."

मी तिचं मनगट धरलं. नाडी बघायला मी एका शिबिरात शिकले होते. अंगठ्याखाली तीन बोटं ठेवली आणि थांबले. काही नाही. बोटं सरकवली, दाबली, हलकी केली. काही नाही. जिवंत, बोलती, समोर बसून चहा फुंकणारी बाई आणि मनगटात ठोका नाही.

"नाडी नाही," मी म्हटलं.

"या अल्ला," खाला म्हणाली. "मग ही जित्ती कशी?"

"गोळीनं मारली नाडी, खाला. गोळीनं."

आता एक गोष्ट सांगते, आणि ती सांगताना मला माझीच कीव येते. मी तिचा उजवा हात बघितला नाही. का नाही बघितला? कारण बाईची नाडी डाव्या हाताला बघतात. पुरुषाची उजवी, बाईची डावी. आमच्या गल्लीतले वैद्य तशीच बघायचे, माझ्या आईची तशी बघितली, माझी तशी बघितली. या वैद्यांच्या विरुद्ध मी स्वतः दोन पत्रकं काढली होती! चूर्णाच्या पुड्या आणि भोंदूगिरी, असला त्यांचा मथळा होता. पण हात धरायची वेळ आली तेव्हा माझी विज्ञाननिष्ठ बोटं मुकाट डाव्या मनगटावर गेली आणि उजवं मनगट वीतभर अंतरावर मांडीवर पडून राहिलं. समोर बसलेल्या बाईला एक प्रश्न विचारायचंही मला सुचलं नाही. हात कधीपासून असा आहे? एवढाच प्रश्न. मला उत्तर आधीच मिळालं होतं, मग प्रश्न कशाला?

पत्रक मंगळवारी निघालं. "बाईची नाडी बंद पाडणारं संशोधन!!" खाली डॉक्टर, कंपनी, भांडवलशाही, सगळ्यांची झाडाझडती. शेवटी ठळक अक्षरात, "ही गोळी आजच फेकून द्या!!" पुढाऱ्यांनी पाठ थोपटली. म्हणाले, "आता लेखणीला धार आली बघ." शंभर प्रती मी दवाखान्याच्या गेटवर वाटल्या. एक खालासाठी पोस्टानं पाठवली. सून चौथीपर्यंत शिकलेली. तिनं ती वाचली, सासूला वाचून दाखवली आणि पट्टी चुलीत घातली. माझं ऐकणारी माणसं फार थोडी होती. त्यातली ही एक.

चार दिवसांनी खालाचा शेजारी आमच्या खोलीवर आला. सुताची गाठोडी घेऊन टेम्पो कोल्हापूरला येत होता, त्यातच सुनेला घालून आणलंय म्हणाला. डोकं फुटायला आलंय, श्वास लागलाय, डाव्या डोळ्यानं दिसत नाही. मी सायकल काढली आणि दवाखान्याकडं सुटले. खरं सांगते, पायडल मारताना माझ्या डोक्यात मथळा जुळत होता. "संशोधनाचा बळी." दोन उद्गारचिन्हांसह. ती बाई तिथं तडफडत होती आणि मी वाटेत शब्द निवडत होते.

बायकांच्या वॉर्डात खाटेवर ती उशीला टेकून बसली होती, कारण आडवं पडलं की गुदमरत होती. खालानं मला बघितलं आणि तोंड फिरवलं. डॉक्टर स्वतः आले होते. उंच, इस्त्रीचा कोट, खिशाला तीन पेनं. आजवर ज्याला मी फक्त पत्रकात बघितलं होतं तो माणूस. त्यांनी विचारलं, "गोळ्या चालू आहेत?"

"सोडल्या," खाला म्हणाली. "ह्या पोरीच्या कागदावरनं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मग सिस्टरना हाक मारली. मला ते काही बोलले असते तर मी भांडले असते, तयारीनंच गेले होते.

वयस्क सिस्टर रक्तदाबाचं यंत्र घेऊन आल्या. सरावानं त्यांनी सुनेचा डावा दंड धरला, पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, कानाला नळ्या लावल्या. मग पुन्हा दाबला. "प्रेशर जेमतेम लागतंय, साहेब. खालीच आहे."

मी म्हटलं, "बघा! गोळीनंच..."

"उजवा," डॉक्टर म्हणाले. "उजव्याला लावा."

सिस्टरनी खाटेला वळसा घालून उजव्या दंडाला पट्टा बांधला. पारा चढायला लागला. मी खाटेच्या पायथ्याशी होते, मला काचेची नळी दिसत होती. पारा चढला, चढतच राहिला, सिस्टरनी दोनदा कानातल्या नळ्या सारख्या केल्या आणि शेवटी आकडा सांगितला तो पुटपुटूनच. डॉक्टरांचा चेहरा उतरला. पण त्यांनी विचारलं ते भलतंच.

"दर सोमवारी कुठल्या हाताला लावत होता तुम्ही?"

"डाव्या, साहेब."

"हिला डाव्या हाताला? हिच्या डाव्या हाताची धमनी बंद आहे. मी केसपेपरवर लिहून ठेवलंय!"

"बायकांना डावाच लावतो साहेब आम्ही. पहिल्यापासनं. पुरुषांना उजवा." सिस्टरना प्रश्नच कळला नव्हता. "तुमच्या वहीतल्या सगळ्या बायकांना डावाच लावलाय."

तिथंच, खाटेच्या पायथ्याशी, मला सगळं समजलं, आणि समजून घ्यायची मला मुळीच इच्छा नव्हती. आजारानं तिच्या डाव्या हाताची वाट दोन वर्षांपूर्वीच बंद केली होती. गोळीचा त्याच्याशी संबंध नव्हता. मूत्रपिंडाकडं जाणारी वाटही चिंचोळी झाली होती, त्यामुळं बाकी शरीरात दाब भयंकर चढलेला. गोळी तो दाब थोडाफार धरून ठेवत होती. थोडाफारच. कारण वहीत डाव्या हाताचा आकडा, म्हणजे बंद नळाला लावलेलं मीटर. आकडा छान, मग मात्रा वाढवायची कशाला? इकडं डॉक्टर खूश, की धमन्यांच्या सुजेतही गोळी चालते, बघा दाब कसा उतरलाय. आणि तिकडं मी सांगितलं, ती पण काढून टाका. ही गोळी एकदम तोडली की दबून बसलेलं हृदय उसळी मारून उठतं. हे माझ्या जाड पुस्तकात होतं. पुढच्याच पानावर. पान मी उलटलं नव्हतं.

डॉक्टर परदेशी नियतकालिकात छापून यायची स्वप्नं बघत होते, हे नंतर कंपाउंडरकडून कळलं. एवढा शिकलेला माणूस! निदान करताना एकदा दोन्ही हात तपासले, "इंटरेस्टिंग केस" म्हणून विद्यार्थ्यांना गोळा करून दाखवली आणि मग रोजचं मोजमाप सिस्टरवर सोडून दिलं. सिस्टरना कुणी सांगितलं नाही की या बाईचा डावा हात खोटं बोलतो. बाईला तर कुणी काहीच सांगितलं नाही. आजाराचं नाव नाही, वही कशाची आहे ते नाही, गोळी एकदम सोडली तर काय होईल ते नाही. ते एक वाक्य तिला कुणी सांगितलं असतं तर माझं पत्रक तिनं चुलीत घातलं असतं आणि गोळी ठेवली असती. पण एवढं बोलायला या लोकांना वेळ कुठला.

हे सगळं खरं आहे, आणि ते मी लिहिते आहे म्हणून माझा दोष काही कमी होत नाही.

तीन दिवस ती वाचते की नाही अशी होती. मी वॉर्डाबाहेर बाकावर बसायचे. खाला पहिल्या दिवशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बसून काय राह्यलीस? पानी आण." मग मी पाणी आणलं, भाकरी आणली, औषधं आणली. डॉक्टर सकाळी लवकर येऊन स्वतः उजवा हात मोजायचे. वहीत नव्हे, तिच्या केसपेपरवर लिहायचे. तेवढं मी कबूल करते. पुन्हा तीच गोळी सुरू झाली, जोडीला आणखी दोन, आणि हळूहळू पारा खाली यायला लागला.

चौथ्या दिवशी ती नीट बोलायला लागली. मी खाटेजवळ गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, "मला माफ कर," वगैरे. तिनं बोलूच दिलं नाही.

"डावा हात दोन वर्सं झाली असाच हाय," ती म्हणाली. "नाडी लागत न्हाई ते मला ठावं हुतं की."

"मग तू बोलली का नाहीस?"

"सिस्टरला सांगितलंतं, डावा नगं, दुखतोय. तर म्हणाली, गप बस, बाईचा डावाच असतोय. तुमी आलासा तर तुमी इचारलंच न्हाईसा. हात धरलासा, डोळं मोठं केलंसा आन् म्हणालासा, गोळीनं मारली. म्हटलं, शिकलेली हाईत, असंल."

"आणि डोळा?"

"धूर धरल्यागत दिसतंय ह्या डोळ्यानं. डॉक्टर म्हणतोय, आता एवढंच."

खाला पायथ्याशी सुपारी कातरत होती. ती म्हणाली, "डॉक्टरला सांग लिवून घे म्हणावं. ही पोरगी पन लिवून घेईल. लिवनाऱ्यांची काय कमी न्हाई हितं."

मला त्या वेळी थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं.

मी खोलीवर येऊन नवं पत्रक लिहायला घेतलं. गोळी घेत असाल तर मनानं एकदम सोडू नका. धमन्यांचा आजार असेल तर दोन्ही हातांचा दाब मोजून घ्या. बाईचा डावा हात ही रूढी आहे, विज्ञान नव्हे. कसल्या कागदावर सही घेतात, वहीत काय लिहितात, ते विचारा. न सांगितल्यास उठून या, पण गोळी घेत राहा. आणि आधीच्या पत्रकात आम्ही चुकीचं लिहिलं होतं, त्यानं एका बाईचा डोळा गेला. उद्गारचिन्ह एकही नाही.

पुढाऱ्यांनी ते वाचलं आणि टेबलावर टाकलं. "ही कंपनीची जाहिरात झाली."

"कुठं?"

"गोळी घेत राहा! उद्या डॉक्टर हे फ्रेम करून लावील. अगं, चळवळीत माघार घेतली की माणसं आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत."

"विश्वास ठेवला म्हणूनच तर ती आंधळी झाली एका डोळ्यानं."

"मी कळंब्यात असताना..."

"तुम्ही कळंब्यात असताना तुमचे दोन्ही डोळे शाबूत होते," मी म्हटलं. ते मशीन गटाचं होतं आणि गटानं हात वर करून ठराव केला, की हे पत्रक छापायचं नाही. चार विरुद्ध एक. लोकशाही पद्धतीनं. मी पिशवी उचलली आणि त्या खोलीत पुन्हा गेले नाही. नंतर एका शाळेच्या क्लार्कला विनवून त्याच्या मशीनवर साठ प्रती काढल्या. शाई फिकी आली.

दवाखान्याच्या गेटवर मी त्या वाटल्या. डॉक्टरांनीही एक घेतली, वाचली, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली. "वहीचं काय केलंत?" मी विचारलं. ते म्हणाले, "बघू." त्या वहीचं पुढं काय झालं मला माहीत नाही. बायकांची पानं गाळून पुरुषांच्या जोरावर ती छापली गेली असेल तर मला जराही नवल वाटणार नाही. पण वॉर्डातल्या सिस्टर त्यानंतर दोन्ही हातांना पट्टा लावायला लागल्या. निदान डॉक्टर समोर असताना तरी.

महिन्या-दीड महिन्यानं मी उरलेल्या प्रती घेऊन इचलकरंजीला गेले. ती खिडकीजवळ कांड्या भरत होती, मान डावीकडं वळवून, उजव्या डोळ्यानं धागा बघत. पूर्वीपेक्षा निम्म्याही होत नाहीत म्हणाली. दोनदा धागा सांधायला चुकली आणि दोन्ही वेळा माझ्यासमोर नवऱ्याच्या मागाला शिवी दिली.

दारात बांगडीवाली बसली होती, टोपलीत हिरव्या, लाल, काचेच्या. सासू-सुनेत जुंपली होती.

"हिला सांग गं," खालानं मला मध्ये ओढलं. "डाव्या हातात कोपरापत्तर भरनार म्हणती, आन् उजव्यात एक पन नगं म्हणती. नवरा जित्ता असून नागडा हात? मानसं काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू द्यात," सून म्हणाली. तिनं डावा हात बांगडीवालीच्या मांडीवर ठेवला. "हितल्या डॉक्टरकडं जावं, कोल्हापूरला जावं, कुठं पडावं झडावं, उचलनारा पयला ह्योच हात धरतोय. माझी शुद्ध नसली तर कोन सांगनार, ह्यो न्हवं त्यो? भर तू. गच्च भर. पट्ट्याला जागा ठेवू नगंस."

बांगडीवाली हसत हसत एकेक चढवायला लागली. तो हात थंड होता, ती म्हणाली, बाई, हिवाळ्यातलं पाणी जनू. मनगट भरलं, अर्धा हात भरला. मी पत्रक पुढं केलं. सुनेनं ते डोळ्याजवळ नेलं, ओठ हलवत पहिल्या दोन ओळी वाचल्या.

"शाई लई फिक्की हाय," ती म्हणाली. "हितं डावा-उजवा लिवलंय ते जरा मोठ्यानं लिवायचं हुतं."

कोपरापर्यंत पोचल्यावर बांगडीवालीनं सवयीनं दुसरा हात मागितला. खालानं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं.

"त्यो न्हाई," सून म्हणाली आणि उजवा हात ओच्यात घेतला. "त्यो मोजायचा हाय."